अडीच हजार शब्दांत बसवा

एमडीचा थीसिस हातात तोलून बघायचा असतो, वाचायचा नसतो. रेक्झिनचं कव्हर, त्यावर सोनेरी अक्षरं, आत पानाच्या एकाच बाजूला ऐसपैस ओळी. बाइंडिंगवाला "भरलाय हां डॉक्टर" म्हणाला की निम्मी परीक्षा पास. माझा विषय होता गर्भवतींमधला रक्तक्षय. चरकाच्या पांडुरोगापासून निघालो तो पन्नासेक पानांनी तालुक्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रावर पोचलो. कुणी अडवलं नाही.

तेव्हाच्या नियमात एक सोय होती. परीक्षेला बसायचं तर शोधनिबंध छापलेला, स्वीकारलेला किंवा नुसता 'पाठवलेला' चालायचा. त्या शेवटच्या शब्दाने पिढ्यान्‌पिढ्या तारल्या. पाठवायचा, पोच फाइलला लावायची आणि विसरायचं. पुढे शिकवायच्या नोकरीत लागलो, बढतीचा विषय निघाला, तेव्हा कळलं की इथे छापूनच यावा लागतो.

मग थीसिसचाच निबंध करायला घेतला. जर्नलची अट: अडीच हजार शब्द, गोषवारा अडीचशेत. पहिला बळी अर्थातच चरक. मग फॉर्म, संमतीपत्रं, सर्वांचे आभार मानणारं पान (बायकोचे वेगळे मानले होते, तेही गेले). गंमत म्हणजे मजकूर आटत गेला तशी लेखकांची नावं फुगत गेली. चार अटी पूर्ण करणाऱ्यालाच लेखक म्हणावं, असं वैद्यकीय संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने लिहून ठेवलंय. कामात खरा सहभाग, लेखनात हात, अंतिम मसुद्याला संमती आणि सगळ्याची जबाबदारी, चारही हव्यात. आमच्या विभागात पाचवीच अट चालते: विभागात असणं. आमची यादी लग्नपत्रिकेतल्या निमंत्रकांसारखी झाली. तळाला फक्त 'चि. पिंटू'ची उणीव होती.

खरी गोची मात्र मास्टर चार्टमध्ये होती. घडीचा मोठा कागद, प्रत्येक बाईची एक ओळ: वय, कितवं बाळंतपण, हिमोग्लोबिन, लोहाच्या गोळ्या. अकराच्या खाली हिमोग्लोबिन म्हणजे रक्तक्षय, इथवर सगळं छान. पण शेवटच्या तिमाहीचे रकाने ओळीने रिकामे, आणि शेऱ्यात आमच्या आशाताईंच्या अक्षरात 'माहेरी गेली', 'माहेरी गेली', 'माहेरी (सोलापूर)'. सातव्या महिन्यात डोहाळजेवण उरकलं की माझं सॅम्पल बॅग भरून एसटीत बसायचं.

जर्नल छापण्याआधी निबंध दोघा समीक्षकांकडून तपासून घेतं. अपेक्षेप्रमाणे दुसऱ्या समीक्षकांनी तिथेच बोट ठेवलं: एवढ्या स्त्रिया ऐन शेवटी अभ्यासातून का गळाल्या? गोळ्यांचा त्रास झाला का? मी नम्रपणे कळवलं की आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी करतात, गोळ्यांचा काही दोष नाही. त्यावर उत्तर आलं, खुलासा रोचक आहे, मात्र त्याला संदर्भ जोडा.

आता पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी जाते याला संदर्भ काय देणार? आईला विचारलं तर ती म्हणाली, "मग काय सासरी करतात?" हे काही संदर्भसूचीत बसेना. शेवटी गाइड सरांना फोन लावला.

"अरे, त्यात काय एवढं," सर म्हणाले. "लायब्ररीत जा. कुणाचा ना कुणाचा थीसिस असेलच त्यावर."