भिंतीला अंगठा लावून बघा

वालुकाश्माचं जुनं घर दिसलं की लोक रस्त्याच्या पलीकडूनच फोटो काढतात आणि पुढे जातात. मी म्हणेन, रस्ता ओलांडा आणि भिंतीपाशी जा. दगडावरून अंगठा हलकेच फिरवला की खरखर लागते, कधी चार कण हातालाही येतात. ती वाळूच आहे. बहुतेक क्वार्ट्झचे म्हणजे गारगोटीचे, दोन मिलिमीटरपेक्षा बारीक कण. वरच्या थरांच्या भाराने ते दाबले गेले आणि फटींतून झिरपणाऱ्या पाण्यातल्या सिलिका, कॅल्साइट नाहीतर लोहाच्या खनिजांनी एकमेकांना घट्ट चिकटले. लाल रंग येतो तो याच लोहाचा, कणांवर बसलेल्या हेमॅटाइटच्या पातळ लेपाचा.

स्कॉटलंडमधलं ग्लासगो या दगडासाठी मला फार आवडतं. तिथल्या जुन्या इमारती फिकट पिवळ्या आहेत, कारण शहराजवळच्या खाणींतला दगड तसा होता: ३० कोटींहून जास्त वर्षांपूर्वी नद्यांनी आणून टाकलेली वाळू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या खाणींतला चांगला दगड सरत आला आणि रेल्वेने दक्षिणेकडून लाल दगड येऊ लागला. १९०१ मध्ये उघडलेलं केल्विनग्रोव्ह संग्रहालय दक्षिण स्कॉटलंडमधल्या लोखारब्रिग्जच्या खाणीतल्या अशाच लाल दगडाचं आहे. हा दगड म्हणजे पर्मियन काळातल्या, साधारण ३० ते २५ कोटी वर्षांपूर्वीच्या वाळवंटाच्या टेकड्या! चिऱ्यावर तिरक्या रेघा दिसतात ना, तो टेकडीचा उतार. वारा वाळू माथ्यापर्यंत ढकलायचा आणि ती पलीकडे घसरायची. त्या एकेका घसरणीची रेघ आज कुणाच्या तरी खिडकीखाली आहे. पावसाळी, थंड गावातल्या भिंतीत अख्खं वाळवंट! मला याचं नवल अजून सरलेलं नाही.

या दगडाची एक अट मात्र पाळावी लागते: खाणीत थर जसे आडवे होते तसेच ते भिंतीत बसवायचे. न्यूयॉर्कच्या तपकिरी वालुकाश्माच्या घरांत अनेक ठिकाणी थर उभे, दर्शनी बाजूला समांतर लावले गेले. मग पाणी आत शिरलं, गोठलं आणि दगडाचे पापुद्रे सुटले.

पण मला खरा राग येतो तो सिमेंटचा. डागडुजी म्हणून दोन चिऱ्यांमधल्या चुन्याच्या दरजा खरवडून सिमेंट भरतात. हा दगड सच्छिद्र. भिंतीतली ओल चुन्याच्या दरजांतून बाहेर पडायची. सिमेंटने ती वाट बुजली की ओल दगडातूनच बाहेर येते, सोबतचे क्षार पृष्ठभागाखाली साचून स्फटिक होतात आणि दगडाला आतून फोडतात. अशी भिंत मी जवळून पाहिली आहे. सिमेंटच्या रेघा जाळीसारख्या जशाच्या तशा पुढे आलेल्या, आणि मधला प्रत्येक चिरा वाटीसारखा खोल गेलेला. खाली पायथ्याशी वाळूचा छोटा ढीग. मन खरंच खट्टू झालं.

असं घर तुमच्या ताब्यात असेल तर गवंड्याला दराच्या आधी एवढं विचारा: दरजांत काय भरणार?