‘माय मदर कट्स ग्रास’

मी गोव्यात पेडणे तालुक्यातल्या एका मराठी शाळेत इंग्रजी शिकवते. गेल्या आठवड्यात सातवीच्या मुलांना आईवर पाच वाक्यं लिहायला दिली होती. एका मुलाने उभं राहून वाचलं, ‘माय मदर कट्स ग्रास.’ मागच्या बाकावर कोणीतरी फिसकन हसलं आणि बघता बघता सगळा वर्ग हसायला लागला. तो खाली बसला. मी वर्ग शांत करेपर्यंत त्याने ते वाक्य खोडून टाकलं होतं. संध्याकाळी वह्या तपासायला घेतल्या तेव्हा दिसलं, खोडरबराने घासून घासून तिथला कागद विरला होता.

का हसले ते गोव्यातल्या माणसाला सांगावं लागणार नाही. मोरजी, मांद्रे, हरमल हे पर्यटकांचे किनारे आमच्यापासून लांब नाहीत. मुलांचे काका, भाऊ तिथे स्कूटर भाड्याने देतात, शॅकवर, म्हणजे वाळूतल्या झोपडीवजा हॉटेलात, काम करतात. ‘ग्रास’ हा शब्द या मुलांच्या कानांवर पुस्तकाआधी किनाऱ्यावरून येतो, आणि तिथे त्याचा अर्थ गांजा. बारा वर्षांच्या मुलांना तोच अर्थ आधी आठवला. मला याचं फार वाईट वाटलं, आणि चार दिवस झाले तरी ते मनातून जात नाही, म्हणून लिहिते आहे.

त्याच्या आईला मी ओळखते. सकाळी मी शाळेत जाताना ती शेताच्या बांधावर वाकलेली असते. डाव्या मुठीत गवत, उजव्या हातात विळा. भारा बांधून, डोक्यावर चुंबळ ठेवून ती तो एकटीने उचलते. गवताची पात कडेने करवतीसारखी असते, तिच्या बोटांवर बारीक पांढऱ्या चिरा कायमच्या आहेत. घरी दोन गायी आहेत, दुधावर मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च निघतो. मुलाने जे पाहिलं ते लिहिलं. व्याकरणात एक चूक नव्हती.

इंग्रजीत ‘ग्रास’, ‘ग्रीन’ आणि ‘ग्रो’ हे तिन्ही शब्द एकाच जुन्या मुळातून आले आहेत. हिरवं असणं, वाढणं आणि गवत. हा त्या शब्दाचा मूळ संसार. गांजाला ‘ग्रास’ म्हणायला लागले ते अमेरिकेत, गेल्या शतकात, पोलिसांच्या कानावर जाऊ नये म्हणून वापरायच्या चोरट्या बोलीत. साठच्या दशकाच्या शेवटी हिप्पी हणजुण-कळंगुटला आले आणि त्यांच्याबरोबर ती बोलीही आली. वनस्पतीशास्त्राच्या दृष्टीने गांजाच्या झाडाचा गवताशी काडीचाही संबंध नाही, त्याचं कुळच वेगळं. कायद्याला हे पक्कं माहीत आहे. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात शब्द आहे ‘गांजा’, आणि तो कशाला म्हणायचं याची व्याख्याही दिली आहे. म्हणून मुलांना मी स्पष्ट सांगितलं, ज्याला गांजा म्हणायचं त्याला गांजाच म्हणा. कोवळ्या हिरव्या शब्दाआड लपवलं की ती वस्तू साधी वाटायला लागते, आणि तिथेच मुलं फसतात.

ब्रिटनमध्ये या शब्दाला आणखी एक रंग आहे. ‘ग्रास’ म्हणजे पोलिसांना खबर देणारा, आपल्याच टोळीतल्यांची नावं सांगणारा. ‘ग्रासहॉपर’ आणि पोलिसाला म्हणतात तो ‘कॉपर’ यांचं यमक जुळवून तो अर्थ तयार झाला, असं सांगतात. आणि ‘ग्रास विडो’ म्हणजे जिचा नवरा दूर गेला आहे अशी बाई. इंग्रजांच्या राज्यात साहेब उन्हाळ्यात मैदानात नोकरीवर राहायचा आणि मडमेला थंड हवेच्या ठिकाणी पाठवायचा, तिला हे नाव मिळालं होतं. त्यात थोडी कुजबूज आहे, थोडा संशय आहे. आपल्या जुन्या काव्यशास्त्रात अशा स्त्रीला ‘प्रोषितभर्तृका’ म्हणतात, आणि तिच्याकडे तिच्या विरहाच्या बाजूने पाहतात. आमच्या गोव्यात तारवट्यांच्या, म्हणजे खलाशांच्या, बायका आहेत. नवरा वर्षातले आठ-नऊ महिने बोटीवर, आणि घर, सासू-सासरे, बँक, मुलांची दुखणी सगळं हिच्यावर. माझी सख्खी मावशी अशीच राहिली. तिला कोणी ‘ग्रास विडो’ म्हटलेलं मी ऐकून घेणार नाही.

आता आपल्या लिपीत ‘ग्रास’ असं लिहून बघा. हा शब्द आपल्याकडे आधीपासून आहे! ग्रास म्हणजे घास. खग्रास ग्रहणातला ग्रास. गोग्रासातला ग्रास. माझी आजी पहिलं पान वाढायच्या आधी भाताचा घास गायीसाठी काढून ठेवायची, तो गोग्रास. इंग्रजी शब्दाचं मूळ वेगळं, संस्कृत शब्दाचं वेगळं, नातं काही नाही. पण हिंदीत ‘घास’ म्हणजे गवत आणि मराठीत तोंडात घालतो तो घास, आणि यामागचा संस्कृत धातू खाण्याचाच. आपल्याकडे गवताकडे खाण्याच्या अंगाने बघितलं गेलं. ते बरोबरही आहे. भात हे गवत आहे. नाचणी, वरी, जोंधळा, गहू, ऊस हीसुद्धा गवतंच. गवताच्या कुळात जगभर सुमारे 12,000 जाती आहेत, आणि माणसाचं पोट त्यातल्या हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्यांवर भरतं. वर्गात हसलेलं प्रत्येक पोर घरी जाऊन गवताचं बीच जेवलं.

शब्दावरून एवढं काय, असं कोणी म्हणेल. त्यांनी आपल्या माडाची गोष्ट आठवावी. 2016 मध्ये आमच्या विधानसभेत वृक्षसंरक्षण कायद्यात दुरुस्ती झाली आणि माड ‘झाडा’च्या व्याख्येतून बाहेर पडला. तोडायला परवानगी लागेना. ‘माड आता गवत झाला,’ असं बाजारात, बसमध्ये, देवळाच्या पायरीवर लोक संतापाने बोलत होते. माड गवत नाही, तो ताडाच्या कुळातला. पण एका व्याख्येने त्याच्या मुळाशी कुऱ्हाड आणून ठेवली होती. 2017 मध्ये तो पुन्हा झाडांत आला. त्याच वर्षी केंद्राने भारतीय वन कायद्यातल्या ‘झाडा’च्या व्याख्येतून बांबू काढला. तो मात्र खरोखर गवत, त्यामुळे शेतकऱ्याला आपल्या जमिनीतला बांबू तोडून विकणं सोपं झालं. एका शब्दाच्या हद्दीवर इतकी माणसं आणि इतकी झाडं उभी असतात.

मराठीतही गवताचा मामला सरळ नाही. घाटावरच्या पाठ्यपुस्तकात ‘तण’ म्हणजे पिकात उगवलेलं नको ते, उपटून टाकायचं. आमच्या गोव्याच्या बोलण्यात तण म्हणजे साधं गवत, गुरांचा चारा. धड्यात ‘शेतातील तण काढून फेकले’ आलं की माझी मुलं विचारतात, ‘बाई, फेकलं कशाला? गायीला का नाही घातलं?’ हा प्रश्न मला फार आवडतो. आपल्याकडे दूर्वा आहेत, चतुर्थीला मुलं त्यांच्या एकवीसच्या जुड्या बांधतात. दर्भ आहे, वाळा आहे, पावसात चहात पडणारा गवती चहा आहे, सुकल्यावर पेंढा आहे, चरायला कुरण आहे. आणि हल्ली सगळीकडे ‘लॉन’ आहे. मे महिन्यात गावच्या विहिरी तळाला जातात तेव्हाही रिसॉर्टच्या लॉनवर फवारे सुरू असतात, आणि त्या गवताला गायीने तोंड लावलेलं चालत नाही. जे गवत कोणाचाच घास होणार नाही त्याला एवढं पाणी द्यावं, हे मला पटत नाही आणि कधी पटणार नाही.

सोमवारी मी त्या मुलाला म्हटलं, ‘आईला विचारून काहीतरी दाखवायला आण.’ तो दुसऱ्या दिवशी ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून दोन रोपं घेऊन आला. दोन्ही वीतभर, दोन्ही सारखीच हिरवी. एक भात, एक भातात उगवणारं गवत. मला ओळखता आलं नाही. त्याने पात जिथे दांड्याला मिळते तिथे नख लावून ती हळूच मागे वाकवली. भाताच्या रोपात तिथे पांढरा, पातळ पापुद्रा होता आणि कडेला बारीक लव. दुसऱ्यात काही नव्हतं, नुसती गुळगुळीत जागा. ‘लावणीनंतर आई असं बघून उपटते,’ तो म्हणाला, ‘न बघता, नुसत्या बोटानेसुद्धा कळतं तिला.’

मागच्या बाकावरची मुलं पुढे आली. एकाने डोळे मिटून बोटाने करून बघितलं आणि चुकला, मग दुसऱ्याने. तास संपल्याची घंटा झाली तरी टेबलाभोवतीची गर्दी हलेना. त्या गडबडीत त्याने वही माझ्यापुढे सरकवली. विरलेल्या कागदावर लिहिता येत नव्हतं, म्हणून खालच्या ओळीवर पेनाने तेच वाक्य पुन्हा लिहिलं होतं.