फेसावरचा चेहरा

कॉलेज रोडच्या एका कॅफेत भाच्याने नेलं. तिथे म्हणे कपातल्या फेसावर आपला सेल्फी छापून देतात. क्यूआर स्कॅन करा, मोबाईल नंबर टाका, फोटो टाका. कॉफी प्यायला नंबर कशाला लागतो रे, असं विचारलं तर म्हणतो, "मामा, तुम्ही पण ना!"

मशीन भारी आहे, खोटं कशाला बोलू. प्रिंटरच तो, फक्त शाईच्या जागी कॉफीचा अर्क. २०१५ मध्ये इस्रायलच्या एका कंपनीने असलं मशीन बाजारात आणलं. छपाई होते काही सेकंदात, पण माझ्या वेळेस नेमकं वायफाय गेलं, पोरगा कप धरून उभा आणि कॉफी निवतेय. शेवटी आलो एकदाचा मी, डोळे मिटलेले, तपकिरी.

शेजारच्या टेबलावर पांढऱ्या टोपीतले एक आजोबा, नातवाबरोबर आलेले. कपात वाकून बघितलं आणि हळूच विचारलं,

"कधी गेले?"

"कोण?"

"हे." आणि चक्क हात जोडले हो कपाला!

"आजोबा, मीच आहे तो."

कपात बघितलं, माझ्याकडे बघितलं, परत कपात. "धाकटे बंधू का?"

"अहो मी! मी स्वतः!"

"मग हार का नाही? आत्ता रामकुंडावरनं दहावा करूनच येतोय, तिथे पण फोटोला हार होता." थोडं थांबून, "आणि हे तुम्ही पिणार?"

"हो."

"स्वतःला?"

यावर काय बोलणार माणूस. तर त्यांनीच चमचा उचलून मार्गदर्शन केलं, "कपाळाकडनं नका घेऊ, बरं दिसत नाही. हनुवटीकडनं घ्या."

भाचा खाली मान घालून व्हिडिओ काढत होता.

बरं, १९०८ मध्ये जर्मनीत मेलिटा बेंट्झ बाईंनी पोराच्या वहीतला टीपकागद काढला, भांड्याला भोकं पाडली आणि कॉफी गाळून दाखवली, दातात गाळ यायचा बंद झाला. उडत्या चकत्या बनवणाऱ्या ॲलन ॲडलरने २००५ मध्ये एरोप्रेस काढला, हाताने दाबा की मिनिटा-दोन मिनिटांत कप तयार, लाईट नको की वायफाय नको. या लोकांनी निदान कॉफीला हात घातला. इथे सगळी अक्कल वरच्या फेसात खर्च आणि खाली कोमट, करपट पाणी, दूध पण बेताचंच.

बिलात फोटोचे वेगळे ऐंशी रुपये. म्हटलं, अरे डोळे मिटलेत त्यात! "सर, तुम्ही अपलोड केला तसाच येतो." वर त्याच्यावर जीएसटी. आणि त्या नंबरवर तेव्हापासून ऑफरचे मेसेज सुरू झालेत ते थांबायचं नाव नाही.

भाच्याने कपाचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला. धुळ्याच्या आत्याने लगेच हात जोडलेले इमोजी टाकले, चार लोकांनी तिचं बघून टाकले. एक फोन करून विचारायचं तरी, खरंच गेलो का म्हणून!