रविवारची ठोकाठोक

काल संध्याकाळी आमच्या लिफ्टमध्ये चिठ्ठी लागली. निळ्या शाईत, चारही कोपऱ्यांना टेप: ‘रविवारी ठोकाठोक करू नये, ही नम्र विनंती.’ खाली नाव नाही, पण अक्षर मी ओळखतो. मार्चमध्ये फोडणीच्या वासाबद्दलची चिठ्ठी त्याच अक्षरात होती. फरक इतकाच की या वेळी त्या हाताने आधी माझ्याकडच्या श्ट्रूडलचे दोन तुकडे उचलले होते. तेही मधले.

तीन वर्षं व्हिएन्नात राहून श्ट्रूडल म्हणजे सफरचंदाचं पॅटिस, असं मी धरून चाललो होतो. मग पाहुण्यांना शोनब्रुन राजवाडा दाखवताना तिथल्या कॅफेत तो करताना पाहिला. बाई हातांच्या पाठीवर पीठ घेऊन ते ताणत होती आणि मला एकदम धुळ्याची आजी दिसली. मांडेच की! खापर तेवढं नव्हतं. मांडे मी आजवर फक्त मनातलेच खाल्लेत, तरी वाटलं, हातात काहीतरी उतरलं असेल.

इथे मैद्याचेही ग्लाट, म्हणजे गुळगुळीत, आणि ग्रिफिग असे प्रकार. ग्रिफिग चिमटीत घेतला की बारीक रव्यासारखा लागतो. तो उकडलेल्या गोळ्यांसाठी. मी अर्थातच तोच आणला. शनिवारी सहाला दुकानं मिटतात ती सोमवारी उघडतात, म्हणून पावणेसहाला पुन्हा धावलो. (एवढी मोठी राजधानी, पण रविवारी कोथिंबीर संपली तर माणसाने स्टेशन गाठायचं. असो.)

मैदा, तेल, कोमट पाणी, थोडं व्हिनेगर. मळलेला गोळा ओट्यावर दणादण आपटायचा, म्हणजे तो ताणला तरी तुटत नाही. पंचविसाव्या आपटीला बेल वाजली.

दारात खालच्या मजल्यावरच्या आजीबाई. पायात घरातल्या सपाता, गळ्यात मोत्यांची माळ. म्हणजे भांडायला तयार होऊन आलेल्या.

“हेर नाखबार,” म्हणजे शेजारीसाहेब, “आज रविवार आहे.”

“हो. श्ट्रूडल करतोय.”

“तुम्ही?”

जर्मनमधलं ‘झी’ आदरार्थी असतं. हे नव्हतं.

त्या आत आल्या, गोळा बोटाने दाबला, “अर्धा तास मुरू द्या” म्हणाल्या आणि तो मुरेपर्यंत खुर्चीत बसल्या. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, पीठ इतकं पातळ करायची विद्या तुर्कांकडून आली म्हणतात, बकलाव्याच्या घराण्यातली.

“तुर्कांना आम्ही 1683 मध्ये वेशीवरून परत पाठवलं.”

“आणि पीठ ठेवून घेतलं?”

उत्तर नाही. मग मी 1696 काढलं. श्ट्रूडलची सगळ्यात जुनी म्हणतात ती हस्तलिखित कृती त्या सालातली, इथल्याच शहर ग्रंथालयात आहे. आणि ती सफरचंदाची नाहीच, दुधाच्या सायीची आहे.

“मग लिहिणाऱ्याला श्ट्रूडल येत नसणार,” आजीबाई म्हणाल्या. विषय संपला.

टेबलावर चादर पसरून, मैदा भुरभुरून मी पीठ ताणायला घेतलं. “पेपर आणा.” खालचा पेपर वाचता आला पाहिजे, ही इथली जुनी कसोटी. ट्राममध्ये फुकट मिळालेला पेपर होता, तो त्यांनी पिठाखाली सरकवला, चष्मा लावला आणि खरंच वाचायला लागल्या. मथळा वाचला. जाहिरात वाचली. मग निधनवार्ता. “अरे, हा गेला?” तो म्हणे त्यांचा दातांचा डॉक्टर. 1974 मध्ये त्याने त्यांची चांगली दाढ काढली होती. दाढेची कथा तब्येतीत चालली आणि इकडे माझं पीठ कडांनी वाळायला लागलं.

“हवामान दिसत नाही. इथे जाड आहे.”

मी तिथे ताणलं. मंगळवारच्या पावसावर भोक पडलं.

“परदेशी माणसाच्या मानाने बरं आहे.”

हे वाक्य मला अजून डाचतंय. कर भरतो, जर्मनच्या परीक्षा दिल्या, कचरा डब्याडब्यांत वेगळा करून टाकतो, तरी पीठसुद्धा परदेशी माणसाच्या मानानेच! माझी आजी धगीपुढे बसून पंचवीस माणसांचे मांडे हातावर काढायची. पेपर तिला वाचताच येत नव्हता.

आंबट सफरचंदं, दालचिनी, बेदाणे, आणि रस शोषायला लोण्यावर परतलेला पावाचा चुरा. चादर उचलत गुंडाळी केली. भोक आत गेलं. ओव्हनमधली चाळीस मिनिटंही आजीबाई बसूनच. दोन तुकडे खाऊन म्हणाल्या, “बेदाणे रममध्ये भिजवले नाहीत,” आणि बहिणीसाठी म्हणून तिसरा माझ्या स्टीलच्या डब्यात घेऊन गेल्या. आईचं नाव कोरलेला डबा.

तो अजून आलेला नाही. चिठ्ठी लावायला त्या लिफ्टपर्यंत आल्या होत्या. तसंच एक मजला वर यायचं होतं.