'बघू' हा शब्द मला वेळेत सुचायला हवा होता

चाकणच्या एका कारखान्यात मी दुभाषी म्हणून नवीनच लागले होते. आपल्या लोकांनी सुट्या भागांचा दर वाढवून मागितला. जपानी पाहुण्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, 'केन्तो शिमास.' मी वर्गात शिकले होते तसं सांगितलं, 'वी विल कन्सिडर इट.' आपली माणसं खूश. पुढचे तीन आठवडे ती उत्तराची वाट बघत बसली, आणि पाहुण्यांच्या लेखी तो विषय त्याच दिवशी मिटला होता. नंतर साहेबांनी विचारलं, ''मॅडम, ते नाही म्हणत होते, हे तुम्हाला कळलं नाही?''

कळलं होतं. इंग्रजीत सांगताना ते हरवलं. मी मराठीत नुसतं 'ते बघू म्हणतायत' म्हटलं असतं, तरी त्या खोलीतल्या प्रत्येकाला उमगलं असतं. मुलाकडचे 'बघू, कळवतो' म्हणाले की पोह्यांच्या बशा उचलतानाच घरात सगळ्यांना काय ते समजतं.

म्हणून आज हे लिहितेय. मराठी मुलांना जपानी इंग्रजीतून शिकवणं आपण बंद करायला हवं.

मी पुण्यात 'मिन्ना नो निहोन्गो' या पुस्तकावरून शिकले. व्याकरणाच्या टिपा इंग्रजीतल्या. 'आय अंडरस्टँड जॅपनीज' हे वाक्य डोक्यात धरलं की हात आपोआप 'निहोन्गो ओ' लिहितो, कारण 'ओ' कर्माला लागतो. तिथे हवा असतो कर्त्याला लागणारा 'गा'. असं का, हे पाठ करण्यात माझे कित्येक दिवस गेले. आता मी वर्गात फळ्यावर लिहिते, 'मला जपानी कळतं.' कळतं कोण? जपानी. मग 'गा' तिलाच लागणार. 'मला आंबा आवडतो', 'मला भाऊ आहे' ही वाक्यंही तशीच बसतात.

पुढे क्रियापदाचं 'ते'रूप येतं, आपल्या 'खाऊन', 'करून'सारखं. पुस्तकात त्याचे नियम पानभर. पण 'ताबेते मिरु' म्हणजे 'खाऊन बघणे', आणि 'मिरु' म्हणजे खरोखरच बघणे. 'शिते ओकु' म्हणजे 'करून ठेवणे', आणि 'ओकु' म्हणजे ठेवणे. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मला चक्क रडू आलं होतं. आजीच्या तोंडचं व्याकरण मी इंग्रजीचा वळसा घालून शिकत होते.

अक्षरांचंही तसंच. आ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा हा क्रम बौद्ध भिक्षूंनी केलेल्या संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासातून तिकडे रुजला. पूर्वी 'हा'च्या जागी 'प' होता हे सांगितलं की मुलं क, च, त, न, प, म, य, र, व अशी बोटं मोडून स्वतःच जुळवतात.

आणि आयझुची! समोरचा बोलत असताना जपानी माणूस सारखं 'हाइ, हाइ' म्हणतो. त्याचा अर्थ 'पटलं' असा नसतो, 'ऐकतोय, पुढे बोला' असा असतो. 'आयझुची' हा शब्द लोहाराच्या भात्याजवळचा आहे: मुख्य लोहार आणि त्याचा साथीदार आळीपाळीने जो हातोडा मारतात, तो. गोष्ट ऐकताना हुंकारा द्यायचा असतो हे ज्याला लहानपणी शिकवलंय, त्याला हे वेगळं समजवावं लागत नाही.

मराठी सगळीकडे उपयोगी पडते असं मात्र नाही. 'आमचे साहेब बाहेर गेलेत' हे आपलं आदराचं वाक्य. जपानी कंपनीत बाहेरच्या माणसाशी बोलताना स्वतःच्या साहेबाच्या नावामागचं आदराचं 'सान'सुद्धा काढायचं असतं, कारण आपला माणूस पाहुण्यासमोर लहान. हे आपल्या मुलांच्या जिभेवर बसायला फार वेळ लागतो, आणि तो द्यायलाच हवा. कांजीला, म्हणजे जपानीतल्या चिनी चिन्हांना, तर पर्यायच नाही. रोजच्या वापरातल्या अधिकृत यादीतच २१३६ आहेत, त्या गिरवाव्याच लागतात.

काही सहकारी म्हणतात, कंपनीत शेवटी इंग्रजीच लागतं. लागतं, अहवाल लिहायला. पण आधी समोरचा काय म्हणाला ते कळायला नको का? वर्गात बाहेरच्या राज्यातली मुलं असतात, हाही मुद्दा खरा. पण 'करून बघ' हिंदीत आहे, कन्नडमध्ये आहे, तमिळमध्येही आहे. त्यांनाही त्यांच्या घरातून आत येऊ द्या.

आमच्याकडे जपानीच्या परीक्षेची पातळी, एन-फाइव्ह, एन-फोर, एवढंच विचारतात. घरातून निघताना जपानी माणूस 'इत्तेकिमास' म्हणतो, म्हणजे 'जाऊन येतो', हे शिकवलेलं माझ्या कुठल्याच वर्गात मला आठवत नाही. उंबऱ्यावर नुसतं 'जाते' म्हटलं की आजी रागवायची, 'येते म्हण' म्हणायची.

पहिल्या पंचवीस धड्यांच्या मराठी टिपा मी लिहायला घेतल्यात. अकरा झाल्यात. जपानी शिकवणाऱ्या किंवा दुभाष्याचं काम करणाऱ्या कुणाला असे आणखी दाखले माहीत असतील, तर खाली लिहा. 'गा' आणि वाक्याचा विषय दाखवणारा 'वा' यांतला फरक सांगायला माझ्याकडे अजून मनासारखं मराठी उदाहरण नाही.