याद्या अजून व्हायच्यात

ब्रसेल्समध्ये शुमान चौकाजवळ घर घेऊ नका. घर उजेडाचं, शेजार शांत, सगळं खरं. पण दर दोन-तीन महिन्यांनी युरोपीय संघाच्या सत्तावीस देशांचे प्रमुख परिषदेसाठी तुमच्या गल्लीच्या तोंडाशी जमतात. मग मेट्रो शुमानला न थांबताच सुसाट पुढे जाते, रू द ला ल्वावर अडथळे लागतात आणि दूध आणायला बाहेर पडलेल्या माणसाला घरी परतताना पत्त्याचा पुरावा दाखवावा लागतो.

डिसेंबर २०२५ च्या परिषदेला तर कहरच झाला, कारण सांगलीची मावशी माझ्याकडे होती आणि त्याच दिवशी शेतकरी ट्रॅक्टर घेऊन शहरात घुसले. वळसा घालता घालता आम्ही युरोपीय संसदेसमोर जाऊन पोचलो. तिथे बटाटे फेकायचा कार्यक्रम चालला होता. मी मावशीला मागे ओढत होते आणि ती मला एका ट्रॅक्टरवाल्याकडे ओढत होती. "विचार गं त्याला, किती एचपीचा आहे?" मी विचारलं. त्यानंही घोषणा थांबवून सविस्तर सांगितलं. तेवढ्यात एक बटाटा घरंगळत आला. मावशीनं तो पुसून पिशवीत टाकला.

"एवढे का चिडलेत?"

आता आली का पंचाईत! मी सांगू लागले. युरोपीय संघाचं २०२८ ते २०३४ चं बजेट ठरायचंय. संघाचा कारभार पाहणाऱ्या युरोपीय आयोगानं जुलैमध्ये सुमारे दोन लाख कोटी युरोंचा आकडा मांडला. सगळ्या सदस्य देशांच्या एकत्रित उत्पन्नाच्या जेमतेम सव्वा टक्का. त्यात शेतीचा आणि मागास भागांचा पैसा एकाच खात्यात घालायचा घाट. म्हणून शेतकरी चिडले, संसद चिडली. जास्त पैसे भरणारी सरकारं आकडा बघूनच चिडली. शिवाय संघात यायला दारात युक्रेन, मोल्दोवा, अल्बानिया, मॉन्टेनेग्रो उभे. हंगेरीसारखा एखादा सोडला तर युक्रेनला तोंडावर नको कुणीच म्हणत नाही. फक्त खर्च दुसऱ्याच्या वाट्यातून व्हावा.

"म्हणजे मुहूर्त नाही, कार्यालय धरलेलं नाही, आणि मानपानावरून रुसवे सुरू," मावशी म्हणाली.

मला एकदम सगळं सोपं वाटू लागलं. मानपान म्हणाल तर ब्रिटननं १९८४ मध्ये वर्गणीत घसघशीत सूट मिळवली. २०२० मध्ये ब्रिटन घर सोडून गेला. पण जर्मनी, नेदरलँड्स, स्वीडन, डेन्मार्क, ऑस्ट्रिया आपापली सूट अजून घेतातच. व्याही गेले, आहेर चालू.

२००२ च्या डिसेंबरात कोपनहेगनला दहा नव्या देशांना संघात घ्यायची बैठक झाली, तेव्हा पोलंडचे पंतप्रधान लेशेक मिलर अडून बसले. शेवटी त्यांना शंभर कोटी युरो रोख मिळाले. कुठून? पोलंडलाच पुढे मिळायच्या विकासनिधीतून.

"त्यांचेच पैसे त्यांना दिले?"

"हो."

"आणि ते घेऊन गेले?"

"हो."

मावशीनं कौतुकानं मान हलवली. हा डाव नेमका कुणी टाकला, तेही तिला हवं होतं. नव्या देशांतल्या शेतकऱ्यांना पहिल्या वर्षी जुन्या देशांतल्यांच्या पंचवीस टक्केच थेट अनुदान, हे मात्र तिला अजिबात पटलं नाही. "पंक्तिप्रपंच!" ती इतक्या जोरात म्हणाली की ट्रॅक्टरवाल्यानं वळून पाहिलं. पुढे संसद करवलीसारखी रुसली: मला न विचारता नव्या देशांच्या प्रवेश-कराराला बजेटचे आकडे जोडलेच कसे? तिची समजूत निघाली एप्रिल २००३ मध्ये, त्या करारावरच्या अथेन्सच्या सह्यांना आठवडा उरला असताना.

"आणि काहीच जमलं नाही तर?"

सात वर्षांचं जमलं नाही तर शेवटच्या वर्षाच्या मर्यादा पुढे चालू. एखाद्या वर्षाचं बजेट वेळेत मंजूर झालं नाही, तर साधारण गेल्या वर्षीच्या रकमेचा बारावा भाग दर महिन्याला.

ही तरतूद मावशीला फार आवडली. नवे देश येईपर्यंत हीच ठेवावी, कुणाला रुसायला जागा नको, असं तिनं अडथळ्यावरच्या पोलिसालाही मराठीत समजावलं. त्यानं तिच्याकडे पत्त्याचा पुरावा मागितला.