खुलासा: ‘ओपनबीएसडीलाही तेच भगदाड’ हे खरे नाही

ओपनएसएसएच हे दूरच्या संगणकावर सुरक्षित लॉगिन करण्याचे सॉफ्टवेअर; ते ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या लोकांनीच लिहिले. ‘ओपनएसएसएच ओपनबीएसडीवाल्यांचेच, म्हणजे २०२४ चे भगदाड त्यांच्या घरातही होते,’ असा मजकूर अजून फिरतो आहे. तो चुकीचा आहे. १ जुलै २०२४ ला क्वालिस या सुरक्षा कंपनीने जाहीर केलेला ओपनएसएसएचमधला दोष ग्लिबसी (सी भाषेची मूळ लायब्ररी) वापरणाऱ्या लिनक्सवरचा. ओपनबीएसडीला त्याची झळ लागली नाही.

मुळात प्रकार असा. दिलेल्या मुदतीत, एरवी १२० सेकंदांत, कोणी लॉगिन केले नाही तर एसएसएचडीला (ओपनएसएसएचचा सर्व्हर प्रोग्राम) अलार्म सिग्नल येतो आणि हँडलर (सिग्नल आल्यावर चालू काम थांबवून चालणारा कोड) लॉगमध्ये नोंद करायला जातो. ओपनबीएसडीवर ही नोंद सिस्लॉग_आर करते. सिग्नल हँडलरमधून बोलावली तरी बिघडू नये अशीच ती लिहिलेली आहे. ग्लिबसीचे सिस्लॉग मात्र मॅलॉकला (मेमरी वाटून देणारे फंक्शन) हात घालते. मॅलॉक अर्ध्यावर असतानाच सिग्नल आला की हीप (ही वाटपाची मेमरी) विस्कटते आणि नेमकी वेळ साधणाऱ्याला थेट रूट (सर्वाधिकार) मिळू शकते.

ओपनएसएसएच इतर सिस्टिमवर पोर्ट करणाऱ्यांना हे ठाऊक नव्हते असेही नाही. २००६ मध्ये हाच दोष एका #इफडेफने (अट पाहून कोड घेणारी किंवा गाळणारी ओळ) झाकला होता, ओपनएसएसएचच्या ८.५पी१ आवृत्तीत ती ओळ नकळत गळाली. एक ओळ!

‘मिनिटात सर्व्हर ताब्यात’ हीसुद्धा अतिशयोक्तीच. ३२-बिट लिनक्सवर क्वालिसलाच नेमकी वेळ साधायला सरासरी १०,००० प्रयत्न आणि रूट मिळवायला सरासरी ६ ते ८ तास लागले.

९.८पी१ किंवा त्यानंतरची, नाहीतर तुमच्या डिस्ट्रोची (लिनक्स वितरणाची) दुरुस्त आवृत्ती घ्या. लॉगिनग्रेसटाइम (लॉगिनच्या मुदतीची सेटिंग) शून्य, म्हणजे मुदतच नाही असे, केल्याने हे भगदाड बुजते खरे, पण अर्धवट जोडण्यांनी सर्व्हर तुंबवणे सोपे होते.